कुंतलेची तीन बोटे

विषय: कुंतला, वय वर्षे तेरा, हिच्या आईजवळ बसायला आठवड्यातून एक दिवस दुसरे माणूस मिळावे, याबद्दलचा अर्ज. हकीकत पुढीलप्रमाणे.

एका राज्यात गौराई नावाची कुंभारीण होती. माती खणताना तिची कुदळ मांत्रिकाने पुरलेल्या हंड्याला लागली. आतल्या सोन्याला तिने हात लावला नाही; परंतु शापाला चौकशीची सवय नसते. तिचे पाय गुडघ्यापर्यंत दगडाचे झाले. दर प्रहराला कोमट तेल चोळले, तर दगड तिथेच थांबे; एक प्रहर चुकला, तर बोटभर वर चढे. काळजापर्यंत पोचला की संपले.

नवरा आधीच वारला होता. लेक कुंतला तेव्हा आठ वर्षांची. तिने तेलाची वाटी उचलली, ती पाच वर्षे खाली ठेवली नाही.

शापाच्या घरात पाऊल टाकायचे नाही, असा त्या राज्याचा रिवाज. म्हणून लोक उंबऱ्याबाहेरूनच "गुणाची पोर हो!" म्हणत आणि आपल्या कामाला जात. राजानेही एक शेला पाठवला. तो तेल पुसायला बरा पडला.

एके सकाळी राजाची साळुंकी वार्षिक शापमोजणीला आली.

"घरात शापित किती?"

"एक. आई."

"आणि ही तुझी बोटे?"

कुंतलेने पाहिले. डाव्या हाताची तीन बोटे करड्या दगडाची झाली होती.

"कधीपासून?"

"लक्ष नव्हतं. आईचे पाय बघत होते."

गौराईने ते ऐकले. पाच वर्षांत तिने आवाज चढवला नव्हता. "साळुंके," ती गरजली, "त्या मेल्या मांत्रिकाला बोलावून आण!"

मांत्रिक वाघावर बसून आला. वाघ त्याने बाहेरच्या लिंबाला बांधला आणि बोटे निरखली.

"गौराई, सोन्यावरचा शाप मलाही मागे घेता येत नाही. पण हा शाप माझा नव्हे. एकट्याने फार दिवस ओझं वाहिलं की हा आपसूक धरतो. हिचे हात गेले, तर तुम्ही दोघीही गेलात."

"उपाय सांगा," कुंतला म्हणाली. "सात समुद्रांपलीकडचं फूल हवं असेल, तर आणते. फक्त प्रहराच्या आत परत यायला हवं."

"कामं तीन. उन्हं वर येईपर्यंत झोपायचं. ताट गरम आहे तोवर जेवायचं. आणि पोरींबरोबर सागरगोटे खेळायचे, घराकडे वळून न बघता."

कुंतलेच्या तोंडचे पाणी पळाले. "फुलाचंच काही जमतं का बघा ना."

शेजारीण येसा कौतुकासाठी दारात उभी होतीच. गौराई ओरडली, "येसे, पुरे झालं कौतुक! आत ये, तेल गरम कर."

"अगं, शापाचं घर—"

"माझी लेक पाच वर्षं आतच आहे. ती काय कुणाचीच नव्हे?"

येसा घुटमळली. मग पदर खोचून आत आली. तिला काहीही झाले नाही.

कुंतला झोपली. चारदा दचकून उठली, चारदा येसाने तिला निजवले. एक बोट सुटले. मग वाफेसकट वरणभात जेवली, दुसरे सुटले. तिसरे काम अवघड गेले. दोन दिवस ती घराकडे बघत राहिली आणि प्रत्येक डाव हरली. तिसऱ्या दिवशी एक पोर म्हणाली, "काय आजीबाई, चुलीवर दूध ठेवून आलात का?" कुंतलेला हसू फुटले. हसता हसता तिने पाचही गोटे झेलले, आणि वळून बघायचे राहून गेले. करंगळी हलली.

राजाने डांगोरा पिटून तो जुना रिवाज रद्द केला. लोक आता आत येऊन कौतुक करू लागले.

येसा मात्र स्पष्ट बोलली. "कुंते, मी येत जाईन. पण माझीही सासू अंथरुणाला आहे. दर आठवड्याचं वचन देत नाही."

तेव्हा कुंतलेने स्वतःच्या नावाने अर्ज लिहिला. साळुंकीने तो दरबारात पोचवला. त्यावर राजवैद्यांचा शेरा आहे: 'अर्जदाराची बोटे तूर्त बरी आहेत, सबब निकड दिसत नाही.' साळुंकीने शेऱ्यावर हरकत घेतली आहे.

अर्ज प्रधानांकडे आहे. निर्णय अद्याप झालेला नाही.