हिंगणवाड्याच्या बायका बांगड्या का काढतात

तापीच्या काठावर हिंगणवाडे आहे. तिथं पाटलांच्या घरामागं एक खोली आहे. तिला चौकट आहे, दार नाही. गावातले म्हातारे पाहुण्यांना ती खोली दाखवतात, देवीची कृपा म्हणून हात जोडतात आणि दार कुठं गेलं ते सांगायचं टाळतात. दारापासूनच सांगायला हवं.

असं सांगतात, की हरचंद पाटलाची सून गोजरा बाविसाव्या वर्षी विधवा झाली. तिच्या बांगड्या फोडल्या, लग्नकार्याला तोंड दाखवायची बंदी केली. पण खानदेशात पुरणाच्या मांड्यांशिवाय लग्न होत नाही. मांडा पोळीसारखा लाटून होत नाही. दोन पाऱ्यांत पुरण भरायचं, थोडं लाटायचं, मग हातावर घेऊन झुलवायचं. तो मनगटावरून उतरत कोपरापर्यंत पसरतो, मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. बांगडी लागली की फाटतो. सवाशिणी बांगड्या वर सरकवून करायच्या, त्यांचे मांडे तळव्याएवढेच व्हायचे. गोजराचा मांडा खापर झाकून खाली लोंबायचा.

मग पाटलानं तोड काढली. लग्न कुणाचंही असो, मांडव त्या खोलीला लागून घालायचा, गोजराला आत बसवायचं आणि बाहेरून कडी लावायची. भिंतीतल्या झरोक्यातून मांडे मांडवात घ्यायचे. हात शुभ, तोंड अशुभ. एकाही शहाण्याला यात खोट दिसली नाही. सगळे बोटं चाटत जेवले. बारा वर्षं ती त्या धुरात बसून दुसऱ्यांच्या लग्नातले वाजंत्री ऐकत होती.

मग तिच्या लेकीचं, चिंधीचं लग्न निघालं.

"मामंजी, अक्षता पडताना एकदा बघू द्या," गोजरा म्हणाली. "लांब उभी राहीन."

"पोरीचं बरं व्हावं वाटतं ना? मग आत बस," पाटील म्हणाला आणि त्यानं स्वतः कडी लावली.

म्हणे, तिनं आतली सगळी कणीक एकत्र केली, सगळं पुरण त्यात भरलं आणि एकच मांडा करायला घेतला. भाजेल तसा झरोक्यातून बाहेर सारत राहिली. बायकांनी हातांवर झेलला. दोन हात झाला, दहा हात झाला, मांडवभर झाला, तरी संपेना.

"भुईवर पडू देऊ नका," पाटील ओरडला. भाकर सांडली म्हणून त्यानंच एका गड्याला भरल्या पंगतीतून उठवलं होतं. आता गाव त्याच्याकडं बघत होतं.

बांगड्यांनी मांडा फाटायला लागला. एकीनं आपल्या काढून टोपलीत टाकल्या. शेजारची धोंडाबाई ऐकेना.

"नवरा जिवंत आहे माझा."

"काढ गं बाई. इतक्यात मरत नाही तो, आत्ताच दोनदा जेवून आला."

सगळ्यांनी काढल्या. तरी हात पुरेनात, तेव्हा पुरुष आले, भटजी आले, व्याही आला, शेवटी पाटलानं दोन्ही हात मांड्याखाली धरले. मोकळी राहिली एकटी नवरी. ती पाटावरून उठली आणि खोलीकडं निघाली.

"चिंधे, कडीला हात लावू नकोस."

"मग तुम्ही येऊन माझा हात धरा, आबा," ती म्हणाली.

पाटील जागचा हलला नाही. हात सोडले तर अन्न पडणार, धरले तर दार उघडणार. बारा वर्षांत पहिल्यांदा तो अडकला होता.

चिंधीनं कडी काढली. गोजरा बाहेर आली आणि बायकांच्या रांगेत मांड्याखाली हात देऊन उभी राहिली. वाफेनं सगळ्यांची कुंकवं ओघळली होती, सगळ्यांचे हात रिकामे होते, पिठानं पांढरे. वरपक्षाचा एक म्हातारा मांडा धरल्या जागेवरूनच विचारू लागला, यातली विधवा कोण? बायका मांड्याखाली आणखी खेटून उभ्या राहिल्या. भटजींनी हात अडकलेल्या अवस्थेतच मंगलाष्टकं म्हटली. गोजरानं लेकीचं लग्न डोळे भरून पाहिलं. दार त्याच दिवशी बायकांनी उखडून चुलीत घातलं म्हणे.

म्हातारे याला देवीचा चमत्कार म्हणतात. तसं म्हटलं की कडी कुणी लावली होती ते कुणी विचारत नाही.

आजही हिंगणवाड्यात मांडे करायच्या आधी बायका बांगड्या काढून टोपलीत टाकतात. वरमाय पहिली. अक्षता पडेपर्यंत कुणी त्या घालत नाही. दर लग्नात एखादा पाहुणा म्हातारा कुरकुरतोच, यात विधवा बसल्यात का? बायका पिठाचे हात त्याच्यापुढं धरतात आणि सांगतात, ओळखा.