नुसती चोच उघड

नदीवर अजून पूल झाला नव्हता, त्या काळी काठच्या बाभळीखाली बुलबुलबाई लहान पिलांचा गाण्याचा वर्ग घ्यायच्या. टिटवीनंही आपलं पिलू तिथे घातलं. पहिल्याच दिवशी ते जीव खाऊन ओरडलं. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "शी, काय हा आवाज! सगळं गाणं बिघडेल. तू नुसती चोच उघड, मागून मी म्हणेन."

कार्यक्रमाच्या दिवशी पिलानं इतकी सुरेख चोच उघडली, की टिटवी आनंदानं नाचली.

पुढच्याच आठवड्यात टिटवी चाऱ्याला गेली आणि पिलू वाळूतल्या नव्या अंड्यांपाशी राखणीला बसलं. गवतातून मुंगूस आलं. पिलानं लगेच चोच उघडली आणि मागून बाईंचा आवाज येईल म्हणून वाट पाहत राहिलं.

टिटवी परतली, तेव्हा वाळूत फक्त टरफलं उरली होती. पिलानं बाईंनी काय शिकवलं ते सांगितलं, तशी ती तडक बाभळीखाली गेली. "अहो, आवाज बंद केलात माझ्या लेकराचा! त्या ओरडण्यावर आमची घरं जगतात. तुम्हाला सुरेल वाटत नाही म्हणून गळाच दाबायचा?"

बाईही भडकल्या. "माझ्यावर कशाला ओरडता? त्या दिवशी तुमच्या पिलाच्या तोंडून माझा आवाज येत होता. आई ना तुम्ही? तुम्हाला ओळखू आला नाही? सगळ्यांत जास्त तर तुम्हीच नाचत होतात!"

उत्तर द्यायला टिटवीनं चोच उघडली. आवाज काही निघाला नाही.