नवा टायर आणि गिअरबॉक्सआजोबा

घाटातल्या जीपगाड्या बोलत असत, त्या काळची गोष्ट. एका म्हाताऱ्या जीपची चारही चाकं एकदम ओढायची. त्यातल्या एकावर नवाकोरा टायर चढला आणि वळणावर गाडी अडखळू लागली, गिअरबॉक्समधून कटकट आवाज येऊ लागला.

“गिअरबॉक्सआजोबांची हाडं खिळखिळी झालीत, काढा त्यांना!” नवा टायर ओरडला. आजोबा नुसते कण्हले.

सुलेमान मिस्त्रींनी लगेच पाना उचलला नाही. सुतळीनं चारही चाकांचा घेर मोजला. तीन झिजलेली चाकं सारखी भरली, नवं मात्र चार बोटं जास्त.

“चौघांनी एकदम ओढायचं, तर घेर सारखा हवा, नाहीतर सगळा ताण गिअरबॉक्सवर येतो,” म्हणत त्यांनी नव्याला मागे टांगलं आणि त्याच्या जागी तेवढीच झिजलेली स्टेपनी लावली.

पुढच्या वळणावर गाडी हूं की चूं न करता वळली.

“बघा,” मागून नवा टायर म्हणाला, “मी दम दिला म्हणून आजोबा सुधारले!”