डुलकीच्या अंतरावरची नदी

मोहाची झाडे एकमेकांना टेकून उभी असलेल्या एका जंगलात एक अस्वलीण राहत असे. मुलांनो, अस्वलिणीची एक रीत तुम्हाला ठाऊक आहे का? ती आपल्या पिल्लांना पाठीवर बसवून हिंडवते. या अस्वलिणीला स्वतःची पिल्ले नव्हती. म्हणून जंगलात जे कोणी पोरके होई, त्याला ती आपल्या गुहेत आणी आणि आपल्याच रीतीने वाढवी. तिच्या पाठीवरच्या दाट केसांत पूर्वी एक मुंगूस वाढले होते आणि आता एक खवले मांजर वाढत होते. तिन्हीसांज झाली की ती निघे. धुके जमिनीलगत सरकत असे, पाठ संथ हलत असे, आणि खवले मांजर केसांत तोंड खुपसून पेंगत असे. झाडे त्याच्या अर्धवट मिटल्या डोळ्यांसमोरून तरंगत जात. जाग आली की समोर मुंग्यांचे वारूळ तरी असे, नाहीतर नदी तरी. असे सुख कोणाला नको?

पण गुहा होती एकच, आणि पोरकी पिल्ले दरवर्षी येणारच. म्हणून जुना रिवाज असा होता, की मोहाची फुले गळू लागली की वाढलेल्या पिल्लाने आपले बस्तान आपण बसवायचे. गेल्या वर्षी मुंगूस गेले होते. यंदा खवले मांजराची पाळी होती. ते आता चांगले थोराड झाले होते. त्याचे खवले पाठीत रुतत, तरी बिचारी अस्वलीण ब्र काढत नसे.

थंडी ओसरत असताना एक टिटवी निरोप घेऊन आली. जंगलातली डबकी आटली होती, मुंगूस वाळून काडी झाले होते आणि नदीपासून हाकेच्या अंतरावर तहानेने पडले होते. अस्वलीण खवले मांजराला पाठीवर घेऊन तशीच धावत गेली. तिने मुंगसाला नदीवर नेले, पाणी पाजले, आणि नदी इतकी जवळ असून ती सापडली कशी नाही, असे विचारले. मुंगूस मान खाली घालून म्हणाले, की नदी आपल्याला नेहमी झोपेतून उठल्यावरच सापडायची. अस्वलिणीच्या काळजात चर्र झाले. मुंगसाला बरोबर घेऊन ती गुहेकडे परतली. वाटेत तिने पाठीवरच्या खवले मांजराला विचारले, "बाळा, नदी कुठे आहे रे?"

"गुहेपासून एका डुलकीवर," ते डोळे न उघडताच म्हणाले.

"आणि मोठे वारूळ?"

"दोन डुलक्या. मध्ये तू एकदा शिंकतेस."

अस्वलीण मटकन खाली बसली. आपण पोरांना सगळे जंगल हिंडवले, याचा तिला केवढा अभिमान होता! पोरांनी मात्र त्यातली फक्त तिची पाठ पाहिली होती. त्या संध्याकाळी तिला मधही गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने खवले मांजराला पाठीवरून उतरवले. ते रडले, रुसले, अंगाचे वेटोळे करून बसले. मग आतूनच म्हणाले, "मावशी, माझा कंटाळा आला का तुला?"

तिलाही रडू आवरेना. ती म्हणाली, "कंटाळा आला असता तर पाठीवरून नेऊन कुठेतरी सोडून आले असते. आता तू पुढे चाल, मी मागे येते. वाट चुकायची तर मी मागे आहे तोवर चुकून घे."

खालून पाहिलेले जंगल निराळेच निघाले. माती गार होती, पाने पायाखाली बोलत होती, आणि ओळखीचे एकही झाड ओळख दाखवत नव्हते. खवले मांजर बराच वेळ भटकले आणि एका कोरड्या ओढ्यात येऊन थांबले. तिथे पाण्याचा टिपूसही नव्हता. अस्वलिणीला हे आधीच माहीत होते. तहानेने तिचीही जीभ टाळ्याला चिकटली होती, पण तिने नदीची वाट सांगितली नाही. मुलांनो, वाट ठाऊक असून गप्प राहणे अस्वलाला मध सोडण्याहून जड जाते. एक कोल्हा जाता जाता हसला आणि म्हणाला, की उंटावरचे शहाणे ऐकले होते, अस्वलावरचे आज पाहिले. तरीही ती मागेच राहिली. पुढे रोज हेच चालले. मुंगूसही सोबत येऊ लागले. कधी दोघे चिखलात फसत, कधी रिकामे वारूळ उकरून उपाशी परतत, आणि परतताना गुहाही त्यांनाच शोधावी लागे. एका संध्याकाळी खवले मांजर मध्येच थांबले. त्याने नाक वर केले, ओलसर वाऱ्याचा माग घेतला, आणि जांभळीच्या रांगेतून सरळ नदीवर जाऊन पोहोचले. त्या दिवशी तिघेही पोटभर पाणी प्यायले.

मग मोह गळू लागला. पहाटेपासून फुले टपटपत होती, सारे जंगल त्या गोड वासाने गुंगले होते. मुंगूस आधी निघाले, या खेपेला नदीच्या वाटेने. खवले मांजराने अस्वलिणीच्या गालाला आपले लांबोडके नाक लावले आणि तेही चालू लागले. सवयीने अस्वलीण त्याच्या मागोमाग निघाली. थोडे पुढे जाऊन ते थांबले आणि वळून म्हणाले, "मावशी, आता मागे येऊ नकोस. चुकलोच, तर गुहेकडे यायची वाट मला ठाऊक आहे."

अस्वलीण जागच्या जागी थांबली. तिचे डोळे भरून आले होते, आणि इतक्या वर्षांत प्रथमच तिला कोणाला निरोप देताना भीती वाटत नव्हती. फुलांच्या सड्यावरून ते दिसेनासे होईपर्यंत ती पाहत राहिली.

तात्पर्य : ज्याला उद्या एकट्याने चालायचे आहे, त्याला आपण सोबत असतानाच चालू द्यावे आणि चुकूही द्यावे; कारण परतीची वाट ठाऊक असलेले पाऊल निर्धास्त पुढे पडते.