अर्जदार हजर करा!

बाप जाऊन तीन दिवस झाले आणि त्याच्या समाधीवर महिनाभराचं गवत! सासरहून धावत आलेली शिवगंगा बघतच राहिली.

“हीच ना जागा?” तिने दफनभूमीच्या राखणदाराला, चनबसप्पाला विचारलं.

“म्हणजे काय! तुमच्या आईशेजारीच बसवलंय की. आमची माती लई कसदार आहे, बाई!”

कसदार म्हणे! कल्लाप्पा कोष्ट्याने बायकोशेजारची ती जागा हयातीतच राखून ठेवली होती, सावलीला बेल लावला होता. तो गेला तेव्हा घरात कोणी नव्हतं, म्हणून शेजाऱ्यांनी देह फाटकापर्यंत आणला. “खड्डा व्हायचाय, तुम्ही व्हा पुढे, मी बघतो,” म्हणत राखणदाराने त्यांना वाटेला लावलं. आता बाप आहे तरी कुठे, या विचाराने पोरीच्या घशाखाली घास उतरेना.

कोतवाल म्हणाला, हे धर्माचं काम, मठात जा. मठातले म्हणाले, हे जमिनीचं काम, चावडीवर जा. चावडीवरचे म्हणाले, आम्ही जिवंत माणसांचंच बघतो. तेही कधी बघितलं होतं म्हणा! शेवटी ती राजेसाहेबांपुढे उभी राहिली. हे राजेसाहेब असे हट्टी, की स्वतःचा नियम अंगाशी आला तरी सोडत नसत.

“उकरून बघा, सरकार!”

“उकरायला अर्ज लागतो. अन्याय कोणावर झालाय? तुझ्या बापावर. अन्याय ज्याच्यावर, अर्ज त्याचा! आठ दिवसांत बापाला हजर कर, नाहीतर तक्रार फेटाळली!”

शेजारी बसलेले दिवाणजी मिशीत हसले.

आठव्या दिवशी शिवगंगा एकटीच आली.

“बाप कुठाय?”

“बोलावल्याशिवाय दरबारात कसे येतील, सरकार? त्यांना समन्सच निघालं नाही. आणि समन्स ज्याचं त्याच्याच हातात द्यायचं, हा आपलाच नियम ना?”

“आमचाच!” राजेसाहेब खूश झाले. “काढा समन्स! पत्ता काय?”

“तो राखणदारांना ठाऊक.”

चनबसप्पालाही दरबारात बोलावलं होतं. “बेलाखाली, सरकार,” तो म्हणाला.

“चोपदार! कुदळ घे आणि हे कल्लाप्पाच्या हातात देऊन ये!”

“थांबा!” दिवाणजी ताडकन उठले. “ते माझ्या सासूबाईंच्या हातात पडेल!”

“कोणाच्या?” राजेसाहेब ओरडले.

मग सगळंच बाहेर आलं. सावलीची जागा म्हणून महिन्यापूर्वी दिवाणजींनी सासूबाईंना गुपचूप तिथे ठेवलं होतं. कल्लाप्पाला मात्र चनबसप्पाने ओढ्याकाठच्या चिखलात आडवंच पुरलं होतं, खोल खणायचा कंटाळा म्हणून. आमच्यात माणसाला बसवून पुरतात हो! शिवगंगा पदर तोंडाशी धरून भर दरबारात रडली.

“सासूबाईंना हलवा,” राजेसाहेब म्हणाले.

“हा अन्याय आहे!” दिवाणजी ओरडले. “मी तक्रार करणार!”

शिवगंगेने डोळे पुसले. “तुम्ही कशी कराल, दिवाणजी? अन्याय ज्याच्यावर, अर्ज त्याचा. सासूबाईंना घेऊन या. आठ दिवस आहेत!”

राजेसाहेब एवढे हसले की पागोटं मांडीवर आलं. त्यांनी शिवगंगेला साडीचोळी दिली आणि दफनभूमीच्या फाटकाची किल्लीही दिली.

दुसऱ्या दिवशी बेलाखाली चनबसप्पा छातीभर खड्ड्यात उभा राहून खणत होता, दिवाणजी मातीच्या पाट्या वर ओढत होते, आणि नवी राखणदारीण काठावरून सांगत होती, “अजून हातभर! माझ्या बाबांना नीट बसायचंय, आईशेजारी.”