बिनडोक्याचे पाखरू

आर्मेनियातल्या एका डोंगरी गावात वार्तुही नावाची एक वृद्धा गालिचे विणायला शिकवत असे. तिच्याकडे एकदा एक तरुणी परदेशातून आली. तिचे नाव सिरानुश. काखेत तिने स्वतःच्या आजीने विणलेला गालिचा गुंडाळून आणला होता. मूळची आर्मेनियन, देश सोडावा लागलेली ही आजी सिरानुशच्या जन्माआधीच वारली होती. आईला विचारावे, तर आई "फार सोसलं गं तिनं" एवढेच म्हणे आणि गप्प होई. आजीला ओळखायचे तर हा गालिचाच काय तो उरला होता.

गालिच्यावर पाखरांची रांग होती आणि त्यातल्या एका पाखराला डोकेच नव्हते.

या डोक्यावर, म्हणजे नसलेल्या डोक्यावर, सिरानुशने बराच विचार केला होता. मायभूमीला मुकलेल्या स्त्रीचा तो मूक आक्रोश आहे, असे तिचे मत होते. त्यावर तिने आपल्या शहरात व्याख्यानही दिले होते आणि पुढच्या रांगेतल्या एक बाई ते ऐकून इतक्या रडल्या होत्या, की शेजारच्या गृहस्थांना आपला रुमाल द्यावा लागला होता.

वार्तुहीने ते सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "बैस मागावर. हेच पाखरू विण. डोक्यासकट."

सिरानुश विणू लागली. पाय झाले, पोट झाले, मान झाली. आता डोक्याच्या गाठी घालायच्या, तेवढ्यात वार्तुही उठली, अंगणात गेली आणि गोठ्याचे दार तिने सताड उघडले. आतली शेळी बाहेर आली ती थेट कापडावर निवत ठेवलेल्या रोट्यांकडे.

"अहो आजी, शेळी!"

"दिसतेय मला. माझे गुडघे दुखतात."

सिरानुश धावली. शेळीने दोन रोट्या खाल्ल्या, तिसरी तोंडात धरून ती ओट्यावर चढली, आणि तिला खाली उतरवताना सिरानुशची ओढणी फाटली. धापा टाकत ती मागावर परतली, विस्कटलेले केस मागे सारले आणि रागारागाने गाठी घालू लागली. पाखरांमागची लाल जमीन विणून बरीच वर चढल्यावर तिचे लक्ष गेले. पाखराला डोके नव्हते.

तिने वळून पाहिले. वार्तुही डोक्यावरच्या रुमालाचे टोक तोंडाशी धरून हसत होती.

"तुम्ही मुद्दाम सोडलीत तिला!"

"मुद्दामच. पोरी, तुझ्या आजीनं सोसलं असेल, ते कोण नाकारतं? पण अशी चूक माझ्याही हातून झालीय, आणि दरवेळी ती मधेच उठावं लागल्यामुळे झालीय. कधी दूध उतू जातं, कधी पोर पडतं, कधी दारात पाहुणा येतो. तिच्या घरी काय झालं ते मला ठाऊक नाही. पण ती मागावरून उठून धावली असणार, बडबडली असणार. तू मात्र तिला शोकसभेत बसवून ठेवलंस. जरा उठू दे की तिला."

सिरानुशला आधी राग आला, मग हसू आले आणि हसता हसता डोळे भरून आले. दुःखात बुडालेली आजी तिला पाठ होती. फाटक्या ओढणीची, घामेजलेली, चिडलेली आजी आज पहिल्यांदा शेजारी येऊन बसल्यासारखी वाटली.

संध्याकाळी तिने आईला फोन लावला.

"आई, आजी चिडायची का गं?"

 पलीकडे आई खुदकन हसली. "चिडायची? अगं, एकदा पाद्रीबुवांनी तिच्या सारात मीठ कमी आहे म्हटलं, तर तिनं मिठाचं अख्खं भांडं त्यांच्या वाडग्यात उपडं केलं होतं! आणि बुवांनी बिचाऱ्यांनी ते प्यायलं."

त्यानंतर आई बराच वेळ बोलत राहिली आणि सिरानुशने तिला एकदाही थांबवले नाही.

आपल्या पूर्वजांचे दुःख आपण आदराने जपतो. त्यांना कशाचा राग यायचा, एवढे मात्र विचारायचे राहून जाते.