सगळे आले का?

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा खाडीला नाव नव्हतं आणि खाडीकाठच्या गावालाही नव्हतं. समुद्र मात्र तेव्हाही खाराच होता.

गाव वसलं होतं बांधाच्या आत. अलीकडे भातशेती, पलीकडे खारं पाणी, आणि बांधात एक लाकडी दार. त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला ती उघडायची, म्हणजे शेतातलं जास्तीचं पाणी निघून जाई. भरतीला मिटायची, म्हणजे समुद्र आत येत नसे. गावाच्या मधोमध प्रभू येशूचं कौलारू देऊळ होतं. पहाटे धुकं उतरलं की घरं, बांध, खाडी सगळं पुसून जाई आणि देवळाच्या माथ्यावरचा क्रूस तेवढा धुक्यावर तरंगत राही.

या गावाची एक रीत होती. नवं भात आलं की पहिल्या लोंब्या देवळात वाहायच्या आणि सगळ्या गावानं एका पंगतीला बसून नव्या तांदळाची खीर खायची. पण घंटा वाजल्याशिवाय सण सुरू होत नसे. आणि घंटेच्या आधी गावातलं सगळ्यात लहान बोलतं मूल देवळाच्या दारात उभं करत. पाद्रीबाबा त्याला विचारत, "सगळे आले का?" मूल म्हणे, "आले." मग घंटा.

हे काम मुलाकडेच का? तर म्हणे, मोठी माणसं सोयीचं तेवढंच बघतात. पूर्वजांना हे पक्कं ठाऊक होतं. पुढचे लोक विसरले. ते आठवडाभर आधी मुलाला "आले" म्हणायला शिकवत आणि मूल पोपटासारखं म्हणून मोकळं होई. दारात उभं राहून खरोखर पाहायचं असतं, हे कुणाच्या डोक्यात येत नसे. रीत राहिली, अर्थ निघून गेला. आपल्याकडे असं काही होत नाही म्हणा!

एका पावसाळ्यात मोठं उधाण आलं आणि नेमकी त्याच वेळी उघाडीच्या म्हाताऱ्या राखणदाराला झोप लागली. बस्स, एवढंच झालं. तो प्यायलेला नव्हता, कुणाशी त्याचं वैरही नव्हतं. दिवसभर बांध लिंपून थकला होता, बसल्या जागी डोळा लागला. उघाडी उघडीच राहिली आणि समुद्र आत आला. शेतं खारावली, गुरं वाहून गेली, आणि एका घरातला सात वर्षांचा मुलगा गेला. त्या मुलाचा बाप देवळात घंटा वाजवायचा.

राखणदाराला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. त्याच्याशी बोलणं तेवढं बंद केलं. देवळाचं दार त्याला कुणी बंद केलं नव्हतं, पण 'ये' म्हणायलाही कुणी गेलं नाही. तो बांधावरच झोपडी घालून राहू लागला. खेकडे बांधाला भोकं पाडत आणि तो ती रोज चिखलानं बुजवत असे. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या उधाणानंतर दोन महिन्यांनी घंटा वाजवणाऱ्याला मुलगी झाली. पुढच्या उपाशी वर्षांत गावात दुसरा पाळणा हलला नाही, म्हणून गावातलं शेंडेफळ तीच. तीन वर्षांची झाली तशी ती घरच्या बदकांच्या मागे हिंडू लागली. बदकं बांधावर जात, मग तीही जाई. धुक्यात बदकं दिसेनाशी झाली की झोपडीतले आजोबा जिभेनं टक् टक् आवाज काढत, आणि एकेक बदक धुक्यातून डुलत बाहेर येई. तिला वाटे, बदकं आजोबाच तयार करतात.

ही कुणाची पोर, हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं. एकदा तो तिला म्हणाला, "बाळे, तू इथे येत जाऊ नकोस. मला झोप लागली म्हणून तुझा दादा गेला."

मुलीनं बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "आता झोप आली ना, तर मला सांगा. मी जागी राहीन."

म्हातारा तोंड फिरवून पुन्हा चिखल कालवू लागला.

चार पावसाळ्यांनी शेतातलं मीठ धुऊन काढलं. पाचव्या वर्षी भात उभं राहिलं, वाऱ्यावर डोलू लागलं. चार वर्षं न झालेला सण ठरला. सणाच्या आदल्या दिवशी मुलगी बदकं शोधत गेली, तर आजोबा बोचकं बांधत होते.

"शेतं गोडी झाली. माझं काम संपलं," ते म्हणाले. "उद्या घंटा ऐकेन आणि होडी सोडेन."

"परत कधी येणार?"

"नाही यायचं, बाळे."

सणाची सकाळ उजाडली. धुकं इतकं दाट होतं की लोक एकमेकांना आवाजावरून ओळखत देवळात आले. मागच्या अंगणात खीर रटरटत होती आणि तिचा वास धुक्याबरोबर सगळ्या गावात हिंडत होता. नवा झगा घालून मुलगी दारात उभी राहिली. घंटेचा दोर हातात धरून तिचा बाप तयार होता.

पाद्रीबाबांनी हसून विचारलं, "सगळे आले का?"

मुलीनं आत पाहिलं. एकेका चटईवर बसलेलं एकेक माणूस पाहिलं. मग बाहेर धुक्यात पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

लोक हसले. आई कुजबुजली, "अगं, आले म्हण ना! काय शिकवलं होतं?"

"पण बांधावरचे आजोबा नाही आले."

हसणं एकदम थांबलं. गावचे पाटील खाकरले. "लहान आहे ती. दुसऱ्या मुलाला विचारा." तिच्याहून मोठा एक सहा वर्षांचा मुलगा उभा केला. तो हुशार म्हणून नावाजलेला. त्यानंही आत पाहिलं, बाहेर पाहिलं आणि म्हणाला, "हो की! ते कुठे आलेत?"

आता काय करणार? "आले" म्हटल्याशिवाय घंटा नाही, घंटेशिवाय सण नाही. पाटील चिडले. "त्यानं आधी यावं, गावाची क्षमा मागावी. मग बघू."

"त्यांना यायची भीती वाटते," मुलगी म्हणाली. "आपण जाऊ या ना."

पाद्रीबाबांनी मान खाली घातली. गेल्याच रविवारी त्यांनी हरवलेल्या एका मेंढराला शोधत जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट सांगितली होती, आणि ती चांगली रंगलीही होती.

मग दोराजवळून बाप बोलला. "त्यानं काय केलं, ठाऊक आहे ना तुला?"

"हो. दादा गेला."

"तरी तो यायला हवा तुला?"

"दादा नाही येऊ शकत, बाबा," ती म्हणाली. "आजोबा येऊ शकतात."

बापानं दोर सोडला. कुणाकडेही न बघता तो देवळाबाहेर पडला आणि बांधाच्या वाटेला लागला. त्याच्या मागे मुलगी, तिच्या मागे पाद्रीबाबा, आणि मग एकेक करत सारं गाव धुक्यात चालू लागलं. पाटील सगळ्यात शेवटी निघाले, पण निघाले.

बांधापलीकडे ओहोटी होऊन गेली होती. घंटेची वाट पाहता पाहता म्हाताऱ्याच्या होडीखालचं पाणी कधीच सरलं होतं. होडी चिखलात रुतली होती आणि तो मांडीवर बोचकं घेऊन तिच्यात बसला होता.

"घंटा का नाही वाजली?" त्यानं विचारलं. "मी केव्हाचा कान लावून बसलोय."

"तुम्ही आला नव्हतात ना!" मुलगी म्हणाली.

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. बांधावर सगळं गाव उभं होतं. बाप गुडघाभर चिखलात उतरला आणि होडीजवळ जाऊन थांबला.

"माझा राग गेलेला नाही," तो म्हणाला. "पण चला. खीर गार होतेय."

म्हातारा होडीतून उतरू लागला, तसा त्याचा पाय चिखलात रुतला. तेव्हा बाप पाठमोरा वाकला आणि त्यानं म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं. चार वर्षांत त्या पाठीवर कुणी बसलं नव्हतं. चालताना दोघेही रडत होते. मुलगी पुढे होती आणि जिभेनं टक् टक् करत होती, म्हणजे धुक्यात कुणी वाट चुकू नये.

देवळाच्या दारात पाद्रीबाबांनी पुन्हा विचारलं. या वेळी त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. "सगळे आले का?"

मुलीनं एकेक चेहरा पाहिला. घाई केली नाही.

"आले," ती म्हणाली.

आणि घंटा वाजली.

त्या दिवसापासून त्या गावात "आले" म्हणायला कुणी मुलांना शिकवलं नाही. आणि उघाडीवर तेव्हापासून दोघं जण बसू लागले. एकाला झोप आली की तो दुसऱ्याला सांगे आणि दुसरा जागा राही. म्हातारा थकेपर्यंत त्याच्या जोडीला घंटा वाजवणारा बसत असे. म्हणतात, पुढे कितीतरी उधाणं आली, पण समुद्र त्या बांधाच्या आत आला नाही.

बोध एवढाच: ज्याच्यासाठी पान मांडायचं आपण सोडून दिलं, त्याच्यासाठी देव अजून पंगत थांबवून बसलेला असतो.